बुडालेली खतपत्रे, उरलेली खतपत्रे

कोलकात्याच्या दक्षिणेकडून येणाऱ्या लोकल गाड्या बालीगंज स्थानकात थांबतात तेव्हा पहाट नुकतीच सरलेली असते. कॅनिंग, लक्ष्मीकांतपूर, डायमंड हार्बर या तिन्ही फाट्यांवरच्या गाड्यांतून बायांचे लोंढे उतरतात. हातात कापडी पिशवी, तिच्यात दुपारच्या भाताचा डबा. चार-पाच घरची भांडी, केर-फरशी, स्वयंपाक उरकून संध्याकाळी त्याच गाडीने परत. ज्या घरांकडे त्या जातात ती शहरातल्या जुन्या श्रीमंतीची घरे आहेत. आर्थिक विषमता कशी दिसते हे पाहायला कोष्टके लागत नाहीत, हा फलाट पुरे. आणि या विषमतेला काय उत्तर द्यायचे, याची निरनिराळी उत्तरेही याच परिसरात उभी आहेत. गुरुसदय रोडवर बिर्ला कुटुंबाचा जुना वाडा आहे. रासबिहारी अव्हेन्यूवर भारत सेवाश्रम संघाचे मुख्यालय आहे. गरियाहाटच्या पदपथावर फेरीवाले आहेत. आणि रुळांवरून कसब्याकडे जाणारा बिजन सेतू आहे, जिथे ३० एप्रिल १९८२ च्या सकाळी आनंदमार्गाच्या सतरा संन्याशांना भरदिवसा मारून जाळण्यात आले. श्रीमंताची विश्वस्तवृत्ती, संन्याशाची सेवा, कष्टकऱ्याची संघटना आणि अध्यात्माच्या पायावर अर्थव्यवस्था बदलू पाहणारा संप्रदाय अशी ही चार उत्तरे. यातले कोणते टिकते?

हा प्रश्न मराठी माणसाला परका नाही. तुकोबांचे घराणे महाजनकीचे. दुष्काळात सारे गेल्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेली खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. कथेचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. परंपरा सांगते की धाकटा भाऊ कान्होबा याने आपला वाटा मागितला, तेव्हा तुकोबांनी निम्मी खतपत्रे त्याला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. म्हणजे निम्मी कुळे कर्जमुक्त झाली आणि निम्मी राहिली. श्रद्धेवर आधारलेल्या अहिंसक प्रतिकाराची ताकद आणि मर्यादा या एका कथेत आल्या आहेत. श्रद्धा माणसाला आपल्या वाट्याची वही पाण्यात टाकायचे बळ देते. दुसऱ्याच्या हातातली वही मात्र ती सोडवू शकत नाही. पुढच्या विवेचनात माझे म्हणणे एवढेच आहे: अशा आंदोलनांनी श्रद्धा स्वतःपुरती ठेवली आणि समोरच्याकडे हिशेब मागितला, तेव्हा त्यांनी विषमता थोडीफार हलवली. हिशेब बाजूला ठेवून समोरच्याच्या हृदयालाच हात घातला, तेव्हा हाती दान आले, हक्क आला नाही.

आधी गुरुसदय रोड. घनश्यामदास बिर्लांनी बिर्ला पार्क हा वाडा देशाला दिला आणि २ मे १९५९ रोजी तिथे औद्योगिक व तंत्रज्ञानविषयक संग्रहालय सुरू झाले. आज शाळांच्या सहली तिथे यंत्रे पाहायला येतात. गांधींच्या विश्वस्त कल्पनेचे दगडविटांतले रूप म्हणून या वाड्याकडे पाहता येईल. धनिकाने संपत्ती आपली न मानता समाजाची ठेव मानावी, हा गांधींचा आग्रह ईशोपनिषदातल्या त्यागाच्या कल्पनेतून आलेला होता. त्यावर सर्वांत सडेतोड हल्ला आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात चढवला. मालकाच्या सद्‍बुद्धीवर विसंबलेली व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे, असा त्यांचा रोख होता, आणि बिर्ला पार्ककडे पाहिले तर तो चुकीचा म्हणवत नाही. वाडा समाजाला मिळाला हे खरे. गिरणीतल्या कामगाराची मजुरी किती असावी, हा प्रश्न मात्र त्या दानपत्राच्या बाहेरच राहिला. पण गांधी स्वतः या टीकेपर्यंत पोहोचलेच नव्हते असे नाही, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. आगाखान पॅलेसमधली नजरकैद संपल्यावर किशोरलाल मश्रुवाला आणि नरहरी पारीख यांच्या सहभागाने विश्वस्ततेचा एक व्यावहारिक मसुदा तयार झाला. गांधींनी त्यात काही फेरफार करून तो मान्य केला. त्या मसुद्यात संपत्तीची मालकी आणि वापर यांवर कायद्याने नियंत्रण आणायला जागा ठेवलेली आहे. किमान वेतनाबरोबरच कमाल उत्पन्नावरही मर्यादा असावी, असे त्यात म्हटले आहे. हृदयपरिवर्तनाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ताही अखेर कायद्याच्या कलमापाशी येऊन थांबला होता.

याच गांधींचा १९१८ चा अहमदाबादचा लढा या साऱ्या प्रश्नाची सर्वांत चोख प्रयोगशाळा आहे. प्लेगच्या काळात दिलेला बोनस गिरणीमालकांनी बंद करायचे ठरवले. कामगार पन्नास टक्के वाढ मागत होते, मालक वीस टक्क्यांवर अडून बसले होते. गांधींनी लगेच शपथ घ्यायला लावली नाही. आधी महागाईचा, कामगारांच्या खर्चाचा आणि मुंबईच्या मजुरीचा हिशेब मांडला, त्यातून पस्तीस टक्के हा आकडा काढला, कामगारांना आपली मागणी पन्नासवरून खाली आणायला लावली आणि मग ‘एक टेक’ची प्रतिज्ञा दिली. साबरमतीकाठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा भरत. एका बाजूला मालक अंबालाल साराभाई, दुसऱ्या बाजूला कामगारांसोबत त्यांचीच बहीण अनसूयाबेन. तीन आठवड्यांत घरातले धान्य संपले, माणसे डळमळू लागली, तेव्हा गांधींनी १५ मार्चला उपवास सुरू केला. चौथ्या दिवशी तडजोड झाली: पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, दुसऱ्या दिवशी वीस, त्यानंतर लवादाचा निर्णय येईपर्यंत साडेसत्तावीस. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे पस्तीस टक्क्यांचाच निवाडा दिला. महादेव देसाईंनी या लढ्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘एक धर्मयुद्ध’ आहे. तरी गांधींनी आत्मकथेत मोकळेपणाने कबूल केले की या उपवासात मोठा दोष होता. मालक त्यांचे स्नेही होते, त्यामुळे उपवासाचा दाब त्यांच्या विवेकावर न पडता स्नेहावर पडला. उपवास म्हणजे गोड बोलून केलेली जबरदस्ती, हा आक्षेप त्यामुळे गांधींच्या विरोधकांनी नव्हे, खुद्द गांधींनीच आधी घेतला असे म्हणावे लागते. त्याचे उत्तरही याच लढ्यात आहे. उपवासाने कामगार टिकले आणि वाटाघाटीचे दार उघडले. आकडा ठरला तो हिशेबाने आणि लवादाने, आणि तो टिकवला १९२० साली उभ्या राहिलेल्या मजूर महाजन या संघटनेने.

याच्या नेमके उलटे उदाहरण विनोबांचे आहे. विनोबांच्या श्रद्धेबद्दल शंका घेणे अशक्य आहे. धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणारा हा माणूस १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत पोहोचला तेव्हा तिथे सशस्त्र शेतकरी उठाव चालू होता. चाळीस दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर द्यायची तयारी दाखवली. तिथून भूदानाची पदयात्रा सुरू झाली. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, हे विनोबांचे मागणे आपल्या वाटणीच्या संस्कारात बरोबर बसणारे होते, त्यात कोणाचा अपमान नव्हता. उद्दिष्ट पाच कोटी एकरांचे होते. मिळाली चाळीस लाखांच्या वर, एकट्या बिहारातून वीस लाखांहून अधिक. कोणत्याही साधूने मागून मिळवलेली इतकी जमीन जगात दुसरी नसेल. पण दानपत्रांच्या गठ्ठ्यात खडकाळ माळ होते, नदीच्या पात्रातले तुकडे होते, कोर्टात अडकलेले गट नंबर होते. जी चांगली होती तिची मोजणी, वाटप, सातबाऱ्यावर नव्या मालकाचे नाव चढवणे, हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. त्यातच १९५६ साली विनोबांनी तंत्रमुक्ती आणि निधिमुक्ती जाहीर करून भूदान समित्या विसर्जित केल्या. संस्था माणसाला जड करतात, आंदोलन लोकांच्या हृदयावर चालावे, ही त्यामागची भूमिका आध्यात्मिक दृष्टीने उदात्त होती. मात्र मंडळ अधिकाऱ्याकडे खेटे घालणारा, फेरफाराची नोंद होते की नाही ते पाहणारा माणूसच त्यामुळे नाहीसा झाला. दात्याचे मन बदलले तरी तलाठ्याची वही बदललीच पाहिजे, हे भूदानाने कमी लेखले.

बंगालात याच प्रश्नाचे दुसरे उत्तर १९७८ पासून दिले गेले. डाव्या आघाडीच्या सरकारने ‘ऑपरेशन बर्गा’ हाती घेतले आणि बटाईने कसणाऱ्या सुमारे चौदा लाख कुळांची नावे सरकारी दप्तरात नोंदवली. महसूल कर्मचारी गावात मुक्काम करत, संध्याकाळी कुळांना एकत्र बसवून त्यांचे म्हणणे ऐकत आणि तिथेच नोंद करत. इथे ना उपवास होता, ना प्रार्थना. पिकाचा ठरलेला वाटा मिळवायला आणि जमिनीवरून हुसकावले जाऊ नये यासाठी कुळाच्या हाती कागद आला. मग श्रद्धेची गरजच काय, असा प्रश्न इथे कोणी विचारला तर तो रास्तच आहे. आपल्याकडेही चरीचा संप आहेच. अलिबाग तालुक्यातल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून जवळपास सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत, जंगलातली लाकडे विकून पोटे भरली आणि संप मोडू दिला नाही. आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला. देवाचे नाव न घेताही अहिंसक लढा चिवटपणे चालतो, याचा हा भक्कम पुरावा आहे. तेव्हा श्रद्धा हीच अहिंसेची पूर्वअट आहे, हा दावा सोडूनच द्यावा लागतो.

पण श्रद्धा म्हणजे देवळातली श्रद्धाच, असेही मानायचे कारण नाही. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या पाहुण्यांत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात जाऊन बसले आणि हे दागिने म्हणजे हिंदुस्थान नव्हे, हिंदुस्थान खेड्यात आहे, असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. आर्थिक विषमतेविरुद्ध इतका शांत आणि इतका बोचरा निषेध शोधून सापडायचा नाही. हे करणारा माणूस निरीश्वरवादी नव्हता. सर्वांना सारखे निर्माण करणाऱ्या निर्मिकावर त्यांची श्रद्धा होती, आणि त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात ती सविस्तर मांडलेली आहे. श्रद्धा गरिबाला निमूट बसवते, हा मार्क्सवाद्यांचा आणि अनेक आंबेडकरवाद्यांचा आक्षेप सेवाश्रमांच्या आणि अन्नछत्रांच्या बाबतीत पुष्कळदा खरा ठरतो. संन्यासी पूरग्रस्तांना तांदूळ देतात, पण पुरात नेहमी त्याच वस्त्या का बुडतात, हे विचारणे त्यांच्या व्रतात बसत नाही. फुल्यांच्या श्रद्धेने मात्र नेमका तोच प्रश्न विचारायला लावला. याच सत्यशोधक वारशातून बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. हमालांना आणि माथाडींना १९६९ च्या कायद्याने जे मिळाले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार, भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस द्यायचा. पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला रोज नवा मालक, पण हिशेब एका ठिकाणी. आंदोलनाची नीतिमत्ता अशी एका रजिस्टरात उतरते तेव्हा ती नेता गेल्यावरही शिल्लक राहते.

बिजन सेतूवरची हत्या या विवेचनातला सर्वांत अवघड भाग आहे. प्रभातरंजन सरकार हे जमालपूरच्या रेल्वे कार्यालयात हिशेबाचे काम करणारे गृहस्थ. १९५५ साली त्यांनी आनंदमार्ग स्थापला आणि १९५९ साली ‘प्रउत’ हा अर्थविचार मांडला. प्रत्येकाच्या अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, औषध या किमान गरजांची हमी, समाजाच्या संमतीशिवाय संपत्तीचा संचय करायला मनाई, सहकारी उत्पादन. ध्यान करणाऱ्या माणसाने विषमतेबद्दल गप्प बसू नये, हा त्याचा गाभा. संघटनेवर गंभीर आरोप झाले, आणीबाणीत तिच्यावर बंदी आली, प्रभातरंजन सरकारांना खुनाच्या खटल्यात शिक्षा झाली आणि १९७८ मध्ये ते निर्दोष सुटले. तेव्हा आनंदमार्ग हा अहिंसेचा निष्कलंक नमुना म्हणून मी पुढे करत नाही. पण १९८२ मध्ये टॅक्सींतून तिलजल्याच्या केंद्राकडे निघालेले ते सोळा संन्यासी आणि एक संन्यासिनी निःशस्त्र होते. मुले पळवणारे आले, अशी आवई उठली आणि जमावाने त्यांना संपवले. मार्गाने सत्ताधारी मार्क्सवादी पक्षाकडे बोट दाखवले, पक्षाने ते नाकारले. पुढे न्यायमूर्ती अमिताव लाला यांचा आयोग नेमला गेला. शिक्षा मात्र कोणालाही झालेली नाही. दरवर्षी ३० एप्रिलला देशप्रिय पार्कपासून सेतूपर्यंत मूक मिरवणूक निघते. दुःख आणि स्मृती जपायला श्रद्धा किती पुरेशी असते हे ती दाखवते. न्याय मिळवायला ती किती अपुरी पडते, हेही तीच दाखवते. यातली बोच अशी की समतेचाच झेंडा घेतलेल्या दोन प्रवाहांत, एक वर्गाच्या भाषेत बोलणारा आणि दुसरा आत्म्याच्या, इतके वैर माजले होते. कुळांची नोंद करणारे आणि किमान गरजांची हमी मागणारे एका सभेत बसू शकले असते तर दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखे होते.

श्रद्धा आंदोलनाला आतून फोडते, असाही एक आक्षेप आहे, आणि मुळशी त्याचा पुरावा म्हणून दाखवली जाते. टाटांच्या धरणाविरुद्धचा मुळशी सत्याग्रह १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या मुहूर्तावर सुरू झाला. मावळे बायका-पोरांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले. पण १९२४ पर्यंत लढा मोडला, आणि तो धर्मामुळे मोडला नाही. बुडणाऱ्या कितीतरी जमिनींचे कागदोपत्री मालक पुण्याचे सावकार होते. त्यांना भरपाईचे पैसे हवे होते, कसणाऱ्याला जमीन हवी होती. रामनवमीला दोघे एकत्र आले, भरपाईच्या टेबलाशी वेगळे झाले. लढ्याचे नेते सेनापती बापट अखेरीस अहिंसेच्या चौकटीबाहेर गेले आणि तुरुंगात पडले. एका मंडपात जमलेल्या भक्तांमध्येही धनको आणि ऋणको असतात, हे आधी न पाहिल्याची किंमत मावळ्यांनी भरली.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे: हिंसेने काम लवकर होते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि खतपत्रे जाळली. चार वर्षांत दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र सुप्याचा उठाव नीट वाचला तर त्यात एक गोष्ट दिसते. आधी शिरूर तालुक्यातल्या करड्यात सावकारावर गावाने बहिष्कार टाकला होता, आणि नंतरच्या दंगलीतही बहुतेक ठिकाणी रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. शेतकऱ्यांना ठाऊक होते की आपला शत्रू त्या वहीत आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, सीझर चावेझने हेच अहिंसेने साधले. द्राक्षमळ्यांतल्या मजुरांना घेऊन १९६६ साली त्याने ग्वादालुपेच्या मातेची पताका पुढे धरून डेलानो ते सॅक्रामेंटो पायी यात्रा काढली. आपल्या वारीसारखीच ती चालत गेली आणि ईस्टरच्या दिवशी पोहोचली. १९६८ मध्ये, आपलेच लोक हिंसेकडे झुकताहेत असे दिसताच, त्याने पंचवीस दिवस उपवास केला. उपवास स्वतःच्या माणसांना आवरायला होता, मळेवाल्यांना आवरायला द्राक्षांवरचा बहिष्कार होता. १९७० मध्ये करार झाले, १९७५ मध्ये राज्याचा शेतमजूर संबंध कायदा आला. पताका, उपवास, बहिष्कार, करार, कायदा हा क्रम अहमदाबादच्या क्रमाशी जुळतो, आणि दोन्हीकडे एकही पायरी गाळून चालले नसते.

तेव्हा या आढाव्याचा निवाडा असा. विषमतेविरुद्ध उभे राहणाऱ्याला श्रद्धा तीन गोष्टी देते: उपाशी राहायचे बळ, हात न उगारण्याचा संयम आणि आपल्या वाट्याचे सोडायची तयारी. या तिन्ही अमूल्य आहेत आणि कोणताही कायदा त्या देत नाही. पण विषमता माणसांच्या मनात जितकी असते त्याहून अधिक हजेरीपटात, सातबाऱ्यात, व्याजाच्या दरात असते, आणि तिथे ती कागदानेच मोडावी लागते. गरियाहाटचे फेरीवाले १९९६ च्या ‘ऑपरेशन सनशाईन’मध्ये एका रात्रीत उठवले गेले. त्यांच्यासारख्यांच्या देशभरच्या लढ्यातून २०१४ चा पथविक्रेता कायदा आला. आता त्यांना हटवायचे तर नोटीस द्यावी लागते. तुकोबांनी आपली खतपत्रे बुडवली, त्यांना नमस्कार. पण कान्होबाच्या हातातल्या निम्म्या खतपत्रांचे काय, हे विचारणे हेही भक्तीचेच पुढचे पाऊल आहे, आणि ते टाकल्याशिवाय भक्ती समाजापर्यंत पोहोचत नाही.

सकाळच्या लोकलने बालीगंजला उतरणाऱ्या बायांसारख्या घरकामगारांची पश्चिमबंग गृहपरिचारिका समिती २०१८ साली कामगार संघटना म्हणून सरकारदरबारी नोंदवली गेली. त्यांच्या कामाची पहिली वही उघडली आहे.